तिचंही आडनाव लोहार

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता थोडं थांबावं लागतं. पण गेल्या महिन्यात तो न बोलावता आला, आणि तोही कुठे, तर इथे बहारीनमध्ये, तेलाच्या रिकाम्या टाकीत, मिट्ट काळोखात.

मआमीरच्या बाजूला आमचं काम असतं. वेल्डर म्हणून आलो होतो, आता फोरमन आहे. टाकी धुऊन तळाचे पत्रे बदलले होते आणि आमचे जोड तपासायला एक फ्रेंच बाई आली होती. साठीच्या आसपासची, पांढऱ्या केसांची, कमी बोलणारी. जोडावरून अंगठा फिरवायची, तुम्ही कोयत्याच्या धारेवरून फिरवायचात तसा. आम्ही पार पलीकडच्या भिंतीशी होतो आणि जनरेटर बंद पडला. दिवे गेले, हवा आत ढकलणारा पंखा थांबला. बाहेर दुपारचं ऊन रणरणत होतं. आतून टाकीचं तोंड तेवढं लांबवर ताटलीएवढं पांढरं दिसत होतं. मग तिच्या छातीवरचं गॅस मीटर ओरडायला लागलं. कुठल्या तरी सांध्यात जुना गाळ राहिला असणार, त्यातून वायू सुटत होता.

आम्ही त्या उजेडाकडे पळालो. ती खाली पसरलेल्या होजच्या नळीत पाय अडकून पडली. घोटा मुरगळला, उठता येईना. "नो, नो," एवढंच म्हणत होती, लहान पोरासारखी. बाबा, माझं डोकं जड झालं होतं, आणि पाय मला एकट्याला बाहेर ओढत होते. टाकीच्या तोंडाशी बसलेला पहारेकरी, केरळचा माणूस, बाहेरून ओरडत होता, "लोहारभाई! इधर! जल्दी!"

त्या हाकेनंच तुम्ही आठवलात. मला फुरसं चावलं होतं तेव्हा भट्टी तशीच जळती टाकून तुम्ही मला खांद्यावर घेऊन सरकारी दवाखान्याकडे धावत निघाला होतात. माझे डोळे मिटायला लागले की तुम्ही ओरडायचात, "नाव सांग. पुरतं सांग. आडनाव कोण सांगणार, तुझा मामा?" मी रडत रडत सांगायचो आणि तुम्ही परत विचारायचात.

मी मागे फिरलो. तिच्या काखेत हात घातले आणि ओढायला लागलो. ती अंग सैल सोडत होती. मी मोडक्या इंग्रजीत ओरडलो, "मॅडम, नाव सांगा! पुरतं नाव!" तिने सांगितलं. "आडनाव?" "लफेव्र." "अर्थ काय?" मी तिला हिसडा दिला. "अर्थ सांगा!" "लोखंडाचं काम... ठोकणारा..." ती खोकत म्हणाली. "ब्लॅकस्मिथ." मी म्हणालो, "माझंही तेच. लोहार म्हणजे तेच." ती हसली की रडली कळलं नाही, पण पुढे ती एका पायाने जमीन रेटायला लागली. पहाऱ्यावरच्याने आम्हाला टाकीच्या तोंडातून ओढून काढलं आणि मी वाळूत पडून ओकत राहिलो.

दवाखान्यातून सुटल्यावर तिने हूरा भागातल्या एका हॉटेलात चहाला बोलावलं. मी बायकोला आणि मुलीला घेऊन गेलो. ती सांगत होती, त्यांच्याकडे पूर्वी गावोगावी एक तरी लोहार असायचाच, म्हणून हे आडनाव जिथे तिथे सापडतं. लॅटिनमधल्या 'फाबेर'वरून आलेलं. दक्षिणेकडे त्याचंच 'फाब्र' झालं. तिचे आजोबा पोस्टमन होते. "आमच्या घरात घण कुणी कधी उचलला ते कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. "काम गेलं, नाव राहिलं. तुमच्याकडे?" मी तुमच्याबद्दल सांगितलं. गाव तुम्हाला नावाने क्वचितच हाक मारायचा, "ए लोहारा" असंच म्हणायचा, आणि तुम्ही मान वर न करता "बोला" म्हणायचात, तेही सांगितलं. मुलगी मध्येच म्हणाली, "पप्पा, सो वी आर ऑल स्मिथ्स?" सगळे हसलो.

आता कळतं की त्या दिवशी मला खांद्यावर घेऊन धावताना तुमचाही जीव माझ्याइतकाच उडाला असेल. तेव्हा मला वाटलं होतं, बाबा रागावलेत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. उद्या सकाळच्या शिफ्टला दुसरी टाकी आहे. आत जाणाऱ्यांत पहिलं नाव माझं आहे, आणि मी साहेबाला हसत म्हणालो, "खलास, नो प्रॉब्लेम." इथे खलास म्हणजे झालं, ठरलं. बाबा, काल मी बाथरूमचं दारसुद्धा आतून लावलं नाही.