दोन फेऱ्या, एक जागा

३ मार्च

सर जाणार! आज दुकान बंद करताना सांगितलं, तेही हातमोज्यांची खोकी फळीवर लावता लावता. "सप्टेंबरपर्यंत आहे मी. मग बास. गुडघे ऐकत नाहीत आता."

मी म्हटलं, मग शिकवणार कोण?

"परीक्षा पास होईल तो. क्लबला परवाना असलेला गोल्फचा मास्तर लागतो. तुम्ही दोघं आहात की."

दोघं म्हणजे मी आणि टिल्लू. टिल्लू माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा पाठीवर दप्तर घेऊन घरभर फिरायचा, म्हणून टिल्लू. आता दारातून वाकून आत येतो, तरी टिल्लूच. दोघंही सरांच्या हाताखाली. मी दुकान आणि नवशिक्यांचे वर्ग बघते, तो सरावाचं मैदान सांभाळतो. जागा मात्र एकच.

घरी दोघंही मुकाट जेवलो. सासूबाई म्हणाल्या, "तोंडांना कुलपं कुणी लावली रे?"

५ मार्च

परीक्षा यंदा आमच्याच मैदानावर. जूनमध्ये. माझी तिसरी खेप! नियमांची आणि शिकवण्याची परीक्षा मी केव्हाच पास झालेय. अडतं ते खेळात. एका दिवसात दोन फेऱ्या, एक सकाळी, एक दुपारी — आणि दोन्ही मिळून फटके ठरलेल्या आकड्याच्या आत. सकाळ माझी बरी जाते. दुपारी डोक्यात बेरीज-वजाबाकी सुरू होते आणि हात लाकडाचे होतात.

टिल्लूची पहिलीच खेप. त्याला शाळेपासून गणिताचं वावडं. नशीबवान आहे.

रात्री यांना सगळं सांगितलं. हे नुसते "हं" म्हणाले. यांच्या 'हं'चे नाना प्रकार आहेत. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी आजचा कुठला ते कळलं नाही. हे मैदानाची हिरवळ राखतात. गवताविषयी विचारलं तर तासभर बोलतील, बाकी सगळं 'हं'मध्ये.

१९ मार्च

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा चेंडू आज उडाला!! निवृत्त झाल्यावर शिकायला आल्या. इतके दिवस चेंडू नुसता घरंगळायचा, आणि त्या म्हणायच्या, "माझं वयच झालं हो." आज मी काठी काढून घेतली. म्हटलं, नुसता हात मागून पुढे फिरवा, दारावरून पडदा सरकवल्यासारखा. दहा वेळा फिरवून घेतला. मग काठी दिली. चेंडू असा वर गेला की बाई तिथेच उड्या मारायला लागल्या. मला मिठी मारली, टोप्या पडल्या दोघींच्या!

हे काम मला हवंय. लिहूनच टाकते एकदा. टिल्लूपेक्षा जास्त हवंय.

२० मार्च

कालचं शेवटचं वाक्य खोडावं वाटलं. नाही खोडलं.

१४ एप्रिल

रोज संध्याकाळी टिल्लूबरोबर सराव. तो लांब मारतो, भलताच लांब, आणि मग झाडीत चेंडू शोधत शिट्टी वाजवत फिरतो. माझा चेंडू जवळच पडतो, पण सरळ जातो. आज म्हणाला, "वहिनी, तुझा खेळ म्हणजे निवडणटिपण आहे. एकेक खडा बाजूला."

"आणि तुझा म्हणजे अख्खं पोतंच उलटं करायचं."

हसलो खूप. मग त्यानं माझं पटिंग बघितलं, म्हणजे हिरवळीवरून चेंडू भोकात ढकलणं. मी श्वास धरून ठेवते म्हणे. "सोड ना तो. कुणी काढून नेत नाही." मी त्याला झाडीतून सरळ समोर न मारता आधी बाजूला बाहेर काढायला शिकवलं. एकाच जागेसाठी भांडायचं आणि एकमेकांना शिकवायचंही — आम्ही दोघंही येडेच.

२८ मे

घरात तमाशा! झालं असं, की परीक्षेच्या दिवशी हिरवळीवर भोकं कुठे पाडायची यावर अर्धा खेळ अवलंबून. आणि भोकं पाडणार कोण? तर हे! हे सेक्रेटरींकडे गेले, म्हणाले, माझ्या घरातली दोघं खेळणार, दुसऱ्या कुणाला तरी सांगा. सेक्रेटरी म्हणाले, दुसरं आहे कोण? शेवटी ठरलं, की परीक्षक आदल्या संध्याकाळी रंगाचे ठिपके मारतील, यांनी त्या ठिपक्यांवर भोकं पाडायची.

म्हणजे आदल्या रात्री यांना सगळं ठाऊक असणार. सासूबाईंनी लगेच हेरलं.

"मग घरी आल्यावर सांगशील ना?"

"नाही."

"बायको आहे ती. हा सख्खा भाऊ."

"म्हणूनच नाही."

बास. विषय संपला. सासूबाई भांडी आपटत राहिल्या.

११ जून

उद्या. हे संध्याकाळी आले, हातावर पिवळा रंग. जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. झोपलेत कसले! झोपल्यावर घोरतात.

१२ जून

झालं. हात दुखताहेत, तरी लिहिणार.

सकाळी धुकं. हे आमच्या आधीच गेलेले. टिल्लू पहिल्या गटात, मी तिसऱ्यात. माझ्या गटात एक टक्कल असलेले गृहस्थ, सहाव्यांदा आलेले. हस्तांदोलन केलं तर त्यांचा हात बर्फासारखा. "बायको म्हणाली, या वेळी नाही झालं तर बागकाम कर," म्हणाले.

सकाळची फेरी ठीक. माझ्यासारखीच — सरळ, कंटाळवाणी. मधल्या सुट्टीत सर भेटले. स्कोअर विचारला नाही. "अंडं खा, पाणी पी आणि पायातले मोजे बदल," एवढंच म्हणाले. मोजे बदलले. जगात यापेक्षा शहाणा सल्ला नाही.

दुपारी सहाव्या होलवर चेंडू वाळूच्या खड्ड्यात रुतला. नुसतं डोकं दिसत होतं. पहिला फटका — वाळू उडाली, चेंडू तिथेच. दुसरा — तिथेच! आता डोक्यात आकडे सुरू होणार, हे मला दिसत होतं. तेवढ्यात टकले गृहस्थ वाळूच्या काठावरून हळूच म्हणाले, "सावकाश, ताई. मला कुठे घाई आहे!" मला हसूच फुटलं. मोठ्यानं हसले, आणि हसता हसता धरलेला श्वास सुटला. तिसऱ्या फटक्याला चेंडू बाहेर.

मग काय झालं कुणास ठाऊक. काही ठरवलं नाही, काही मोजलं नाही. चालले, मारलं, चालले. वारा पडला होता. गवताचा वास येत होता, ताज्या कापलेल्या. मला एकदम वाटलं, हे सगळं यांनी पहाटे उठून माझ्यासाठी कापलंय. माझ्या एकटीसाठी नव्हे, माहीत आहे. तरी वाटलं.

शेवटच्या होलवर मात्र कार्ड बघावंच लागलं. दोन पटमध्ये चेंडू भोकात गेला तर पास. तीन लागले तर चौथी खेप. चेंडू हिरवळीच्या एका टोकाला, भोक दुसऱ्या टोकाला, मध्ये उतार. लांब, यंत्रांच्या शेडपाशी, हे उभे होते. पाठ करून! सगळे बघत होते, हेच तेवढे भिंतीकडे बघत होते.

पहिला पट उतारावरून वळत वळत गेला आणि हातभर आधी थांबला. हातभर! एवढ्यावरून मी दोनदा चुकलेय आयुष्यात. श्वास सोडला. मारला. आत पडल्याचा आवाज आला. माझ्या आधी टकले गृहस्थच ओरडले. ते स्वतः नापास झाले होते, तरी.

टिल्लू तर पासच, चांगला आरामात. झाडीत गेला तेव्हा बाजूला बाहेर काढलं म्हणे, "तुझं ऐकून." मला उचलून गरकन फिरवलं सगळ्यांसमोर.

हे घरी आले. पाय धुतले. मग म्हणाले, "तो उतार फसवा आहे. मला भीती होती." यांच्या तोंडून सलग दोन वाक्यं!

१३ जून

उठताच येईना. सासूबाईंनी पायाला तेल लावून दिलं. मला! म्हणाल्या, "दोघंही पास झालात, आता जागाही दोन करा म्हणावं."

४ जुलै

समितीनं टिल्लूला निवडलं.

सरांनी बोलावून सांगितलं. खुर्चीत नीट बसेनात. म्हणाले, "त्याचे फटके कमी. तरुण आहे. मेंबरांना लांब मारणारा माणूस आवडतो." मी विचारलं, तुमचं मत काय होतं? सर म्हणाले, "माझं मत तू होतीस. पण मत एकच होतं."

मी दुकानात गेले, टोप्या आकारमानाप्रमाणे लावल्या. रडले नाही. तशा लागलेल्या होत्याच, परत लावल्या.

५ जुलै

टिल्लू सकाळी स्वयंपाकघरात उभा. "मी नाही म्हणून सांगतो त्यांना."

"का?"

"तू माझ्यापेक्षा चांगलं शिकवतेस. सगळ्यांना माहितेय."

"तुझं लग्न ठरतंय. आणि मला कुणी सोडलेली जागा नकोय, टिल्लू. मिळालेली हवी."

"मग मी काय करू?"

"चहा घे आणि कामावर जा. उशीर केलास तर निवडीच्या दुसऱ्याच दिवशी नाव घालवशील."

गेला. दारात डोकं आपटलं त्याचं, नेहमीसारखं. मग मात्र मी रडले. थोडंसं. सासूबाई आल्या, पदरानं माझं तोंड पुसलं — लहान मुलाचं पुसतात तसं, खसाखसा.

२२ जुलै

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. त्यांच्या बहिणीच्या गावी एक छोटा क्लब आहे, नऊच होल. मास्तर सोडून गेलाय, दुसरा मिळत नाही. "मी तुझं नाव सांगितलंय. रागावू नकोस." रागावते कसली!

२७ जुलै, रविवार

जाऊन आले. एकटीच, बसनं. लांब आहे, रोज येऊन-जाऊन होण्यासारखं नाही. माणसं साधी. अध्यक्षीणबाईंनी स्वतः खुर्ची पुसून दिली. शिकायला मुली आहेत, बायका आहेत, एक आजोबाही आहेत. मागच्या बाजूला राहायला घर, तीन खोल्या, खिडक्या मोठ्या. "तुम्ही आलात तर उद्यापासून वर्ग सुरू," म्हणाल्या. अगदी मला हवी तशीच आहे ही जागा!

पण हिरवळ — अरे देवा! पायपुसणं बरं. जागोजागी टकलं, कडेला शेवाळ. घरी आल्यावर जेवताना सांगितलं. हे एकदम ताठ बसले. पाणी कुठून आणतात? माती काळी की भुरी? सावली कुठल्या बाजूला? शेवाळ मऊ की सुकं? मी म्हटलं, मी काय शेवाळ चिवडून बघितलं का! टिल्लू खो खो हसला.

मग सासूबाईंनी मला न विचारताच आणखी भात वाढला. मला तिकडे जायचंय, हे सगळ्यांना कळलं होतं.

२९ जुलै

विचार केला. जमणार नाही. यांची निम्मी हयात त्या मैदानावर गेली. सासूबाईंचं वय. टिल्लूचं लग्न. मी एकटी तिकडे जाऊन राहू, हे इकडे — तसा संसार मला नको. उद्या सकाळी फोन करून नाही म्हणून सांगणार. वाईट वाटतंय, पण सोसवेल इतकंच. डॉक्टरीणबाईंचा वर्ग आहेच की इथे.

३० जुलै

दुकानातूनच फोन करायला घेतला, तर सेक्रेटरी आत आले. म्हणाले, "तुमच्या मिस्टरांची नोकरी सोडायची नोटीस मिळाली हो सोमवारी. वाईट वाटलं. आईंनाही नेणार म्हणाले, घर मोठं आहे म्हणे तिकडचं."

मी "हं" म्हटलं. फोन खाली ठेवला.