पेकोरिनोची साठ कलमं

बाबा, हाताला घाई आहे म्हणून चाकू काढून घ्यायचा, हे काही कारण झालं नाही. मी तेव्हाही बोललो होतो, आजही बोलतो. शिवाय तुम्ही बोललात ते नर्सरीतल्या सगळ्या माणसांसमोर. जाळीच्या सावलीत आपण गोणपाटावर बसलोय, पाऊस लागलाय, पुढ्यात रायवळ कोयींची रोपं, पानं अजून तांबूस. तुम्ही रोपाची शेंडी उडवता, चीर देता, हापूसची काडी बसवता, पट्टी गुंडाळता, आणि मी अजून चीरच देतोय तोवर तुमची तीन होतात. म्हणून मीही हात भराभर चालवला. तुम्ही माझी पट्टी सोडून बघितलीत आणि म्हणालात, "मेल्या, कलम बांधतोस की बैल? घाय हाय तुझ्या हाताला. जा, पिशव्या भर." बायका हसल्या. आठवीतून शाळा सोडून मी तुमच्या हाताखाली आलो होतो ते लाल माती भरायला नव्हे. तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही ते सांगतो. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही टाकलेल्या काड्या उचलून मी शेडच्या मागे बांधायचो आणि तुमच्या ढिगात नेऊन ठेवायचो. तुम्ही स्वतःच्या हाताने पाणी घातलंत त्यांना. तुम्ही गेलात त्याला दहा वर्षं झाली. मी मुंबईत हॉटेलात भांडी घासली, मग एका एजंटाच्या मार्फत इथे इटलीत द्राक्षं तोडायला आलो, त्यालाही पाच वर्षं झाली. पण आज जे झालंय ते ऐका, मला बसवत नाहीये.

मळा डोंगराच्या उतारावर आहे, वर चढलं की समुद्र दिसतो. मालक म्हातारा, ऐंशीच्या पुढचा, सगळे त्याला नोन्नो म्हणतात, म्हणजे आजोबा. त्याच्या तरुणपणी व्यापारी येऊन सांगून गेले की जगभर खपते ती फ्रान्सची शार्दोने लावा. त्याने इथली जुनी जात उपटली आणि ती लावली. जुन्या जातीचं नाव पेकोरिनो. मेंढ्या डोंगरावरून खाली नेताना वाटेत हीच द्राक्षं खायच्या, आणि मेंढीला इथे पेकोरा म्हणतात, त्यावरून नाव पडलं असं तो सांगतो. घड लहान, माल कमी, म्हणून गेली. आता उलटं झालंय. शार्दोने सगळीकडेच मिळते, तिला कोण विचारतो? लांबून गाड्या करून माणसं येतात आणि हिचीच वाइन मागतात, इथल्या मातीतली, दुसरीकडे न मिळणारी. मी एक घोट घेतला होता. आधी आंबट, मग जिभेवर मीठ, समुद्राकाठी तोंड उघडं ठेवून उभं राहिल्यासारखं. म्हाताऱ्याकडे भिंतीमागे अकरा वेली उरल्या होत्या. त्याला शार्दोनेच्या खोडावर पेकोरिनो बांधायची होती. बघा बाबा! आपण जन्मभर गावच्या रायवळची मुंडी उडवून वर नावाजलेला हापूस बसवला, आणि इथे नावाजलेलीची मुंडी उडवून वर गावचीला बसवतात. हे समजलं तेव्हा मी बादली खाली ठेवून एकटाच हसत सुटलो. माझ्यासोबत काम करणारा पंजाबी पाजी म्हणाला, याला ऊन लागलं.

कलमं बांधणारे दोघे दरवर्षी उत्तरेकडून येतात. यंदा एकच आला आणि साठ वेलींची एक ओळ राहिली. मी म्हटलं, मला येतं. पाजीने बाजूला घेऊन झापलं, झाडं मेली तर या हंगामानंतर तुला कोण ठेवणार, पुन्हा जाशील भांडी घासायला. खरंच होतं त्याचं. म्हाताऱ्याने आधी दुसऱ्या ओळीतल्या आठ वेली करून बघायला दिल्या. मी तुमच्यासारखं बांधलं, कापाला हवा लागणार नाही, मुंगी शिरणार नाही असं, वरपासून खालपर्यंत घट्ट. आणि काडी, बाबा, फ्रीजमध्ये तीन महिने ठेवलेली! तुम्ही सकाळची काडी दुपारी फेकायचात. चार दिवसांनी बघतो तर प्लास्टिकच्या आत पाणी भरून फुगा झालेला, आणि काड्या काळ्या. आठच्या आठ. द्राक्षाची वेल वसंतात कापली की तिला पाणी सुटतं, नुसतं टपटपत राहतं. इथे त्याला वेल रडते म्हणतात. आंब्याचा चीक पुसून बांधलं की झालं, हिला मी तोंड दाबून बुडवलं. पाजी माझ्याकडे बघेना. म्हातारा ओरडला नाही. त्याने खोडाला खाली दोन तिरपे घाव घातले, पाणी तिथून वाहायला लागलं, आणि म्हणाला की आधी तिला खाली रडू दे, मग वर बांध. आणि साठ वेली मला दिल्या.

दीड दिवसात बांधल्या मी. तिथेच तुमचं चुकलं होतं, कारण या कापाला वारा लागला की तो सुकतो, इथे घाईच लागते. मग रोज कामाआधी ओळीतून चक्कर. अठरा दिवस काही नाही, काडीवरचे डोळे नुसते झोपलेले. जेवण जात नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी एका डोळ्यावर लव आली, पांढरी, कडेने गुलाबी. मग तीन, मग दहा. आज म्हातारा काठी टेकत ओळभर हिंडला, प्रत्येक वेलीला काठी लावून मोजलं. साठातल्या चोपन्न लागल्या आहेत, बाबा. चोपन्न! त्या उत्तरेकडच्या माणसाने विचारलं, पुढच्या वर्षी माझ्याबरोबर मळ्यामळ्याने फिरशील का, कलमामागे पैसे. पाजी सगळ्यांना सांगत सुटलाय की पोराला त्यानेच पुढे केलं.

संध्याकाळी म्हाताऱ्याने विचारलं, कुणी शिकवलं? मी म्हटलं, वडिलांनी. ते अजून बांधतात का? मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. चोपन्न वेली समोर होत्या आणि तुम्ही नाही हे तेव्हा तोंडातून निघेना. वर आणखी सांगितलं की तुम्ही म्हणता, रत्नागिरीत माझ्या पोरासारखा हात नाही. म्हातारा आत गेला, पाकीट घेऊन आला, म्हणाला हे तुझे नव्हेत, शिकवणाऱ्याचे आहेत, त्यांना पाठव. परत करायचे तर खरं सांगावं लागलं असतं. मी घेतले. हा कागद कुठे पोस्टात टाकायचा नाहीये, खोक्यात कपड्यांखाली जाईल. पैसे मात्र उद्या आईच्या नावावर टाकतो, आणि कशाचे ते तिलाही सांगणार नाही. दोनशे युरो.