मेणाची गाय

गोराई गाव,
६ सप्टेंबर २०२२

चि. एलेन हिस,
मार्सेलिनाबायचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेलं गुडघ्याचं तेल पोचलं. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याच्याकडे लक्ष देत नाही, म्हणून तोही फार बोलत नाही. हे पत्र शेवंतीच्या टोपलीतून मुळ्यांखाली येतंय. ती रोज खाडी ओलांडून तुमच्या चारकोपात येते, तिच्याकडून भाजी घेत जा. फोन मात्र करू नकोस. मला डाव्या कानाने ऐकू येतच नाही आणि उजव्याने फक्त तुझं भांडण ऐकू येतं. कागदावर तू जरा शहाण्यासारखी वागतेस.

आता मुद्द्याचं. गुरांवर लम्पी नावाचा रोग आलाय. अंगभर गाठी येतात, ताप चढतो, दूध आटतं, काही जनावरं जातातही. येत्या शुक्रवारी सरकारी डॉक्टर घरोघरी फिरून गाईंना लस टोचणार आहे. मी ठरवलंय, माझ्या दोघींना टोचायची नाही. रोजी दुधात आहे आणि लिलीला सातवा महिना. लिली म्हणजे माझ्या नवऱ्याने, हर्बर्टने मनोरीहून होडीत घालून आणलेली, त्याच्या हातची शेवटची गाय. तो गेल्यापासून तीन वर्षं मी तिच्याशीच बोलतेय. तिच्या पोटातल्याचं काही बरंवाईट झालं तर वर गेल्यावर मी हर्बर्टला काय तोंड दाखवू? आणि ऐकलंस का, लस म्हणे शेळ्यांची! शेळीचं औषध गाईला.

शिवाय मी वांद्र्याच्या डोंगरावरच्या मोत माउलीला नवस बोललेय. गोठा तू सांभाळ, जत्रेत तुला मेणाची गाय वाहीन. एकदा तिच्या पदरात टाकल्यावर मागून सुई टोचायची, म्हणजे तिच्यावर भरवसा नाही असंच झालं ना? रविवारी जत्रा सुरू होईल. तू वांद्र्याला जाशीलच, तर माझी गाय तेवढी वाहून ये. मला त्या पायऱ्या आता चढवत नाहीत.

माया आहे तशी ठेव, वर चिमूटभर घाल.

तुझी,
मार्सेलिनाबाय


चारकोप, कांदिवली,
७ सप्टेंबर २०२२

ती. मार्सेलिनाबाय हिस,
धाकट्या एलेनचा सा. न. वि. वि.

मुळे आणि पत्र दोन्ही मिळाली. मुळे कोवळे होते, पत्र मात्र जून निघालं.

अगं, तेहतीस वर्षं मी पालिकेच्या इस्पितळात लोकांना टोचत आले आणि माझीच सख्खी बहीण सुईला भिते! करोनाच्या लशीला तुला न्यायचं होतं तेव्हा लग्नाला चाललोय असं खोटं सांगावं लागलं होतं. तू नवी साडी नेसून, गजरा माळून लसकेंद्रावर उतरलीस. आठवतं ना? आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस.

शेळीचं म्हणशील तर शेळ्यांची देवी आणि हा लम्पी चुलत भावंडं आहेत, म्हणून एकीची लस दुसऱ्यावर चालते. माणसांना देवीची लस मिळाली तीही गाईच्या आजारावरूनच. तेव्हा गाय आपल्या कामी आली, आता शेळी गाईच्या कामी येते. शेळीची काही तक्रार नाही, तर तुझी का? पोटातल्या वासराचं मात्र मला कळत नाही, मी माणसांची नर्स. ते त्या डॉक्टरला विचार.

नवसात मी पडत नाही. सोमवारी जाऊन तुझी गाय वाहते. पण शुक्रवारी दार उघडं ठेव, तुझ्या पाया पडते.

रागवायचं तर रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
एलेन


गोराई गाव,
१० सप्टेंबर २०२२

चि. एलेन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दार उघडं ठेवलं होतं. फक्त गोठा रिकामा होता. शुक्रवारी सकाळीच मी दोघींना मागच्या खोपीत नेलं, हर्बर्टची जुनी जाळी ठेवलीत तिथे. डॉक्टर आली ती तिशीच्या आतली मुलगी, अक्षता नावाची, खांद्याला बर्फाची पेटी. मी सांगितलं, गाई विकल्या. एवढं म्हणते न म्हणते तोच लिली खोपीतून अशी हंबरली की कोंबड्यासुद्धा पळाल्या.

ती मुलगी हसली नाही की ओरडली नाही. खिशातून खडू काढला, दारावर नंबर लिहिला आणि म्हणाली, आजी, पुन्हा गाई घेतल्यात तर फोन करा. माझं तोंड एवढंसं झालं. खोटं बोलायची सवय नाही गं, आता कन्फेशनला जाऊन सांगावं लागेल.

समोरचा मधुकर हे सगळं ओट्यावरून बघत होता. त्याच्याकडे एकच गाय, ती दोन महिन्यांपूर्वी व्यालेली. त्यानेही गोठ्याला आतून कडी घातली. मार्सेलिनाबाय नको म्हणतात म्हणजे त्यात काहीतरी असेल, असं त्याने शेवंतीला सांगितलं. खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं. गावात अजून आपला शब्द चालतो.

मेणाची गाय विसरू नकोस. ओरडायचं तेवढं कागदावर ओरड आणि माया शाबूत ठेव.

तुझी,
मार्सेलिनाबाय


चारकोप,
१३ सप्टेंबर २०२२

ती. मार्सेलिनाबाय हिस,
सा. न. वि. वि.

काल तुझा नवस फेडून आले. रागावायचं ठरवूनच निघाले होते, पण डोंगरावर पोचेपर्यंत राग कुठे गेला कळलं नाही.

दुकानात मेणाचे हात, पाय, पोट, घर, बाळ, सगळं मांडलेलं. एक विमानही होतं, कुणाला परदेशी जायचं असेल. गाय काही दिसेना. दुकानवालीने खोक्यातून शोधून एक काढली, तिचं एक शिंग वाकडं होतं. मी तेवढीच घेतली आणि रांगेत उभी राहिले.

माझ्या पुढे एक माणूस होता. बगलेत कुबडी, गुडघ्यापर्यंत प्लास्टर आणि हातात मेणाचा पाय. जुनी सवय, मी विचारलं कुठे दाखवलं. त्याने खुशीत सगळं सांगितलं, हाड कसं मोडलं, सळई कशी घातली. म्हणाला, सळई डॉक्टरने घातली, पण डॉक्टरचा हात माउलीने धरला होता. मागच्या बाईच्या एका हातात मेणाचं पोट आणि दुसऱ्या हातात एक्स-रेचं पाकीट. बाय, त्या रांगेत माझा अर्धा वॉर्ड उभा होता! आणि त्या माणसाला कुणी म्हटलं नाही की आधी प्लास्टर काढ, मग माउलीपुढे ये.

मला तिथेच रडू आलं. इतकी वर्षं मी टोचलं, पोरं रडली, आया मला शिव्या देत गेल्या. माझा हातही कुणीतरी धरला असेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं. तुझ्या त्या वाकड्या शिंगाच्या गाईपायी ते कळलं, म्हणून आधी तुझे आभार मानते.

तुझी गाय वाहिली. आता पुढचं तू ठरव, मी गळ घालणार नाही. फक्त एवढं सांगते की लस अंगात मुरायला तीन आठवडे लागतात आणि हा रोग पसरवणारे माश्या-डास वाट बघत नाहीत. दारावरचा खडू पुसला नसशील अशी आशा आहे.

जीव लावलास तसाच लावत राहा.

तुझी,
एलेन


गोराई गाव,
१७ सप्टेंबर २०२२

चि. एलेन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि शेवंतीकडून नंबर लावून घेतला. फोनवर सांगितलं की गाई पुन्हा घेतल्या. डॉक्टर म्हणाली, त्या दिवशी हंबरली तीच घेतलीत ना, बरं केलंत!

ती बुधवारी आली. लिलीच्या पोटावर हात ठेवून मी विचारायचं ते विचारलं. ती म्हणाली, वासराला सुईपेक्षा रोगाचं भय कितीतरी मोठं. फक्त गाईला ओढायचं-पाडायचं नाही, तुम्ही मान धरून बोलत राहा. मी हर्बर्टच्या गोष्टी सांगत राहिले. त्या संपण्याआधीच दोघींचं टोचून झालं होतं. टोचल्या जागी जरा सूज आली, रोजीचं दूध दोन दिवस उतरलं, आज पुन्हा भरलं. तुला आणि त्या पोरीला देव सुखात ठेवो.

पण डॉक्टर तिथून मधुकरकडे गेली, तर त्याच्या गाईला दोन दिवस ताप होता. मानेवर गाठी दिसत होत्या. आजारी जनावराला लस चालत नाही म्हणे. औषधं देऊन गेली. मी रोज कडुनिंबाचा धूर करते, दोन्ही गोठ्यांत.

प्रार्थनेत आमच्या गल्लीची आठवण ठेव आणि माझ्यावर लोभ.

तुझी,
मार्सेलिनाबाय


गोराई गाव,
५ डिसेंबर २०२२

चि. एलेन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुरुवारी लिली व्याली. पाडी झाली, कपाळावर पांढरा टिळा, पहिल्या तासातच उभी राहिली. मधे रोजीला चार गाठी येऊन जिरल्या, लिलीला एकही आली नाही. मी गोठ्यात बसून रडले आणि हसले, दोन्ही एकदम.

मधुकरची गाय सप्टेंबरअखेर गेली, एवढंच तेव्हा तुला कळवलं होतं. बाकीचं लिहायला हात धजला नाही. तिचं वासरू बाटलीने रोजीचं दूध प्यायचं. मी रोज तांब्या घेऊन जायची, तो रोज हात जोडायचा आणि मला जमीन दुभंगावी असं व्हायचं. पंधरा दिवसांनी तेही गेलं. माझा शब्द चालतो म्हणून मी मिरवले होते ना, तो असा चालला.

काल चीक घेऊन त्याच्याकडे गेले. सगळं बोलून टाकलं. मला लशीतलं काही कळत नव्हतं, मी नुसती भ्याले होते आणि नवसाच्या आड लपले होते, माझं बघून तू कडी घातलीस. तो म्हणाला, बाय, दार माझं होतं, कडी मीच घातली. तुम्ही निदान नंतर उघडलीत. आणि त्याने चिकाचं भांडं माझ्या हातून घेतलं.

मी त्याला सांगितलं, लिलीची पाडी दूध सोडेल तेव्हा ती तुझी. नको म्हणाला, मग आत गेला. येताना त्याच्या हातात मेलेल्या गाईची घंटा होती. माझ्याबरोबर येऊन त्याने ती पाडीच्या गळ्यात बांधली. घंटा मोठी, पाडी लहान, तरी ती खुशीत मान हलवत राहिली. हर्बर्ट असता तर त्यानेही हेच केलं असतं, याची मला खात्री आहे.

एलेन, गेली तीन वर्षं मी देवाकडे नुसतं राख, सांभाळ, नेऊ नकोस, एवढंच मागत होते. तू तुझ्या रांगेतली गोष्ट मला लिहिली नसतीस, तर काल मधुकरच्या दारात मी रिकाम्या हाताने उभी राहिले असते. माझ्याकडे त्याला द्यायला काही उरलं, ते तुझ्यामुळे.

नाताळला ये. तोवर या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मार्सेलिनाबाय