'मिशाळ दोन', ओब्रादशिवाय

१२ सप्टेंबर
शूटिंग संपलं. 'मिशाळ दोन' सगळ्या बाबतीत पहिल्या 'मिशाळ'च्या वरचढ. पहिल्यात डॅन्यूबमधून निघणारा राक्षसी मासा म्हणजे रबराच्या खोळीतला ओब्राद. खाली पाय दिसायचे. एकदा पठ्ठ्याने कॅमेऱ्याकडे बघून हातही हलवला. लोक हसले, पण ते भीती लपवायला. या वेळी बुडापेस्टहून यंत्राचा मासा मागवलाय. डोळे फिरवतो! आणि विनोद मी स्वतः लिहिलेत.

बायको, देसांका, विचारत होती, ओब्रादला सांगितलंस का? बायकांना भलत्याच काळज्या. ओब्राद माझा कूम. आमच्या लग्नाचा साक्षीदार, पोरीचा धर्मपिता. घरच्या माणसाला काय सांगायचं?

३ ऑक्टोबर
ओब्राद धक्क्यावर भेटला. जाळं सांधत होता. म्हणाला, "ऐकलं, नवीन मासा आणलास." मी तंत्र, प्रेक्षकांची बदललेली आवड, त्याची कंबर, सगळं समजावलं. "बरं," म्हणाला. पटलेलं दिसलं. नेहमीसारखं रकिया, आमची फळांची दारू, घेतोस का म्हणून विचारलं नाही. घाईत असणार.

८ नोव्हेंबर
उद्या प्रीमियर, गावच्या हॉलमध्ये. ओब्रादला आमंत्रण दिलेलं नाही. स्लावाला, घराण्याच्या संताच्या सणाला, तरी आपण कोणाला बोलावतो? ज्याला यायचं तो येतोच. कूमला आमंत्रण म्हणजे अपमान.

९ नोव्हेंबर, रात्री
हॉल भरला. मासा वर आला. शांतता. माझा पहिला विनोद. शांतता. थरारून बसले होते. मध्यंतराआधी मिलोराद न्हावी ओरडला, "अरे, ओब्राद कुठाय? पाय दाखव की!" तेव्हा मात्र सगळा हॉल हसला. म्हणजे विनोदी बाजू जमली.

पहिल्या रांगेतली कूमची खुर्ची रिकामी. थंडी फार होती.

१० डिसेंबर
दुसरा खेळ रद्द. त्याऐवजी हॉलवाले जुना 'मिशाळ' लावणार. नव्याने जुन्याचं कुतूहल वाढवलं, असं मी देसांकाला म्हणालो. ती भांडी घासत होती. जास्तच जोरात.

१८ डिसेंबर
उद्या संत निकोला, आमच्या घराण्याचा स्लावा. नाताळाआधीचा उपास, मांस चालत नाही, म्हणून जेवणात मासे. दरवर्षी आदल्या दिवशी ओब्राद मोठा मासा आणून देतो. यंदा देसांकाने बाजारातून कार्प आणला. नदी गोठली असेल.
खिडकीतून पाहिलं. गोठलेली नाही.

१९ डिसेंबर, दुपार
मेणबत्ती लावली. पाहुणे आले. स्लावाचा पाव कूमसोबत फिरवून मोडायचा, मग जेवण. कूम नाही. मी सूप गरम ठेवायला सांगितलं.

पाहुण्यांनी लोणचीही संपवली. मिलोराद म्हणतो, "स्वेतिस्लाव, माझ्याबरोबर मोड की पाव." मी म्हणालो, येईल तो. आवाज जरा चढला. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. मेणबत्ती अर्ध्यावर आली. तिसऱ्यांदा खिडकीशी जाऊन आलो. हवा बघायला.

संध्याकाळ
आला! मी धावत दार उघडलं. वाटलं, गळ्यात पडून रडावं. त्याने कोट काढला नाही. सरळ टेबलापाशी आला. पाव दोघांनी धरला, फिरवला, मोडला. रीतीप्रमाणे तीन मुके घेतले. गाल बर्फासारखा गार. उभ्या उभ्या एक पेला प्यायला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, "देव घराचं भलं करो" म्हणाला आणि निघाला. मी म्हणालो, "अरे, बस की, सूप आहे." म्हणाला, "तुझे पाहुणे उपाशी आहेत. वाढ त्यांना."

सगळे जेवले. मी देसांकाला म्हणालो, "बघ, आला की नाही? राग गेला त्याचा."
ती म्हणाली, "तो संताकडे आला होता, स्वेतिस्लाव. तुझ्याकडे नाही."
मी स्वयंपाकघरात जाऊन ओब्रादच्या वाटणीचं, अजून गरम ठेवलेलं सूप चुलीवरून उतरवलं.