कोकमाची बाटली आणि कलम चौदा

९ जानेवारी २००६, सोमवार

नवी फाईल माझ्याच गळ्यात. पोर्ट ब्लेअरकडच्या बेटांवर पर्यटक वाढले, म्हणून तिथल्या दारूविक्रीचे नियम नव्याने लिहायचेत. मसुदा आमच्या सेक्शनने करायचा, मग तो समितीपुढे जाणार. राघवनसाहेब म्हणाले, पाध्ये, तुमची मुलगी तिकडेच असते, तुम्हाला बेटांची माहिती. मुलगी रिसॉर्टच्या फ्रंट ऑफिसात बसते म्हणून मला दारू कळते, हा कुठला न्याय? आमच्या घरी खोकल्याचं औषधसुद्धा दोनदा लेबल वाचून आणतात. पण साहेबांशी कोण वाद घालणार.

सेक्शनमधला सेल्वम बुधवारच्या बोटीने पाहणीला जातोय. हे घरी बोललो ही चूक. सुलभाने लगेच मंजूसाठी डबे बांधायला काढले. मेतकूट, कुळथाचं पीठ आणि चिपळूणहून आलेलं कोकमाचं आगळ. आगळ न्यायला बाटली पाहिजे म्हणून घरमालक रामरावांकडून त्यांच्या ब्रँडीची रिकामी मागून आणली. रामराव तंजावरी मराठी, वय ऐंशी. मद्रासच्या थंडीत (!) गरम पाण्यात दोन चमचे घेतात, एवढाच त्यांचा षौक. मी म्हटलं, प्लास्टिकच्या बाटलीत भर. तर म्हणे, प्लास्टिकला वास लागतो. ही तीनदा उकळून झाली आहे, बूच पण घट्ट आहे.

१६ जानेवारी, सोमवार

पोंगलची सुट्टी. सकाळी सेल्वमचा पोर्ट ब्लेअरहून फोन, पोहोचला एकदाचा. आवाज रडका. मग सगळं रामायण कळलं.

बोटीवर दारू न्यायला बंदी. बंदरात पिशवी उघडली तर वरच ब्रँडीची बाटली, लेबलासकट, आत काळपट लाल काहीतरी. शिपाई म्हणाला, बाजूला ये. सेल्वमने सांगितलं, हे सरबत आहे, आमच्या साहेबांच्या घरचं. दारूच्या नियमांची पाहणी करायला निघालेला माणूस, आणि पिशवीत हे. शेवटी शिपायाने फर्मावलं, मग पिऊन दाखव. बिचाऱ्याने दोन घोट घेतले, पाणी न घालता. खारट आगळ! त्याचं तोंड बघून शिपायाने बाटली परत दिली. म्हणाला, पैसे देऊन हे कोणी पिणार नाही, जा.

सु.ला सांगितलं. आधी हसली, मग हळहळली, मग म्हणाली, लेबल काढायचं राहिलंच की हो. चाळीस वर्षं कोकणातली माणसं दारूच्या बाटल्यांतून आगळ नेतायत, कोणाला लेबलाचं सुचलंय?

१९ जाने., गुरु.

मंजूचा फोन. आगळ पोचलं. साखर आणि सोडा घालून पाहुण्यांना दिलं, सगळ्यांना आवडलं, अजून पाठवा म्हणाली.

फोन ठेवल्यावर सु. विचारते, फ्रंट ऑफिसवाली पाहुण्यांना सरबतं कशाला देते? मी म्हटलं, आल्याआल्या स्वागताला देत असतील. तिला पटलं. मलाही.

२ फेब्रुवारी, गुरुवार

आज नीट लिहिता येईल असं वाटत नाही.

बेटांवरच्या हॉटेलांना दहा प्रश्न पाठवले होते. कोण येतं, काय पितं, ड्राय डेला काय होतं, वगैरे. उत्तरांचा गठ्ठा आला. बहुतेकांनी ‘हो’, ‘नाही’, ‘लागू नाही’ असं लिहून सुटका करून घेतलीय. एका रिसॉर्टचं मात्र चार पानी, हाताने लिहिलेलं. पहिल्या ओळीलाच हात थांबला. सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ. ती रेघ मारू नको म्हणून तिसरीत मी तिला रागावलो होतो.

खाली सही. मंजिरी पाध्ये, बार इन-चार्ज.

काखेत कळसा म्हणतात तसं झालं. वर्षभर आम्ही लोकांना सांगतोय, फ्रंट ऑफिस.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. तीनदा वाचलं. (इंग्रजीत आहे, मी माझ्या भाषेत लिहितो.) एलटीसीच्या सरकारी सवलतीवर आलेले गृहस्थ रम मागवतात, पण कॉफीच्या कपात द्या म्हणतात. बायकोला सगळं माहीत असतं, ती समुद्राकडे बघत बसते. नव्याने लग्न झालेली जोडपी एक बिअर आणि दोन ग्लास मागतात, अर्धी तशीच राहते. परदेशी लोकांना किनाऱ्यावर बसून प्यायचं असतं, त्यांना नियम समजावताना आपल्यालाच ओशाळं वाटतं. ड्राय डेला आजूबाजूच्या टपऱ्यांत किटलीतून बिअर मिळते, त्यामुळे नियमाने वागणाऱ्याचंच नुकसान. ‘सव्वीस जानेवारीच्या ड्राय डेला आम्ही कोकम सोडा दिला. आता लोक एरवीही तोच मागतात.’

तिला डोळे आहेत. एवढी वर्षं फायली वाचतो आहे, असं उत्तर एकाही अधिकाऱ्याने लिहिलेलं नाही. हे लिहितानाही राग गेलेला नाही. आमच्याशी खोटं बोलली.

३ फेब्रु., शुक्र.

सु.ला सांगितलं नाही. डोकं दुखतंय म्हटलं, तर सुंठ उगाळून लावली. आता कपाळही झोंबतंय.

जुने नियम आणि नवा मसुदा आज ओळीने ताडून पाहिले. कलम चौदा. ‘मद्य दिले जाते अशा जागेत कोणत्याही स्त्रीस नोकरीस ठेवता येणार नाही.’ कुठल्या तरी जुन्या कायद्यातून जसंच्या तसं उतरत आलेलं. आजवर कोणी पाळलं नाही, कोणी वाचलंही नसेल. पण नवे नियम लागू झाले की परवाने नव्याने तपासणार, मग पाळावं लागेल. म्हणजे मंजू घरी.

मला काहीच करायला नको. नुसतं पान उलटायचं.

७ फेब्रु., मंगळ.

राघवनसाहेबांना सहज विचारावं तसं विचारलं, चौदाचं काय करायचं? ते म्हणाले, जुनं आहे, राहू दे, उगाच कशाला हात लावायचा. शिवाय, ‘गुड फॉर द गर्ल्स ओन्ली, नो?’ त्यांना मंजूचं माहीत नाही. मी मान हलवली. ती का हलवली हे दिवसभर स्वतःला विचारतोय.

मला दारूचा तिटकारा आहे, तो पुस्तकातला नाही. आमचे बाबा प्यायचे. चिपळुणात संध्याकाळी दिवेलागणीला त्यांची पावलं ऐकली की आम्ही भावंडं मागच्या दाराने बाहेर. त्या वासाच्या जागी आपली पोर दिवसभर उभी असते, हा विचार सहन होत नाही. कलम राहिलं तर बरंच, असं वाटतं आणि लगेच लाज वाटते. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी मूठ झाकलेली आहे, पण आत काय धरलंय?

११ फेब्रु., शनि.

तिच्या उत्तराची झेरॉक्स घरी आणली. नियमात बसत नाही. प्रश्न नववा मी त्या दिवशी नीट वाचलाच नव्हता: ‘अतिमद्यपान केलेल्या पाहुण्याबाबत काय कार्यवाही करता?’ बाकी हॉटेलांनी ‘सुरक्षारक्षकास बोलावतो’ लिहिलंय. हिने लिहिलंय:

‘त्याला स्वयंपाकघराबाहेरच्या पायरीवर बसवतो. मीठ घातलेलं लिंबूपाणी देतो. बोलायला लागला तर ऐकतो. तो उठून खोलीवर जाईपर्यंत कोणीतरी शेजारी बसतं, बहुतेक वेळा मीच. अशा माणसाला एकटं सोडायचं नसतं, असं आमच्या घरी सांगत.’

ही माझी आई. बाबांना आईने कधी घराबाहेर काढलं नाही, कधी ओरडली नाही. पडवीच्या पायरीवर बसवायची, मीठ-लिंबू द्यायची आणि शेजारी बसून तांदूळ निवडायची. एकटं सोडायचं नाही रे, म्हणायची. मंजू आठ-नऊ वर्षांची असताना एकदा गाडीच्या प्रवासात मी तिला हे सांगितलं होतं. एकदाच. आईला तर तिने पाहिलेलंही नाही.

मी मागच्या दाराने पळणारा. पोर पायरीवर बसणारी निघाली.

मग सु.ला सगळं सांगून टाकलं, कलमासकट. ती इडलीचं पीठ वाटत होती, ग्राइंडर बंद केला नाही. मग विचारलं, ‘म्हणजे ते कलम राहिलं तर ती परत येईल?’

येईल म्हटलं.

‘मग राहू दे ना.’

डोळे पुसले आणि पीठ काढायला लागली. तिचं तरी काय चुकलं. एकुलती एक आहे. पण ऑफिसातली गोष्ट घरात बोललो, हे आता मला निस्तरायचंय.

१३ फेब्रु., सोम.

मीच फोन लावला. कलमाचं तिला सांगता येत नाही, ते गुपित. एवढंच म्हणालो की तुझी चार पानं माझ्या टेबलावर आली. मग म्हणाली, ‘अप्पा, तुम्ही वाचणार हे मला माहीत असतं तर अक्षर नीट काढलं असतं.’

मला हसू आलं आणि रडूही. रागावायचं म्हणून जे ठरवून ठेवलं होतं ते एकही आठवेना. सांगितलं का नाहीस, विचारलं. म्हणाली, तुम्हाला आजोबा आठवतील म्हणून. मी म्हटलं, आजी आठवली. शेवटी विचारलं, जेवतेस ना वेळेवर?

मग सु.ने फोन घेतला. चांगला अर्धा तास. मला इकडची बाजू तेवढी ऐकू येत होती. रागाचा एक शब्द नाही. ‘लिंबूपाण्यात मीठ किती घालतेस? ... अगं, चिमूटभर सुंठ घाल, पोट शांत होतं. ... नाही, साखर नको.’ हिला काय म्हणावं कळत नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, आवाज बारीक झालाय तिचा, दमत असणार. मग तासभर नुसती भांडी लावत होती.

१७ फेब्रु., शुक्र.

आज टिपणी लिहिली. दोनच ओळी. मसुद्यातील कलम चौदा वगळावे. प्रस्तुत अधिकाऱ्याची कन्या अशा जागेत नोकरीस आहे, हे नमूद करणे आवश्यक.

कारणही लिहिलं होतं, मीठ-लिंबाचं, पायरीचं. खोडलं. ती ऑफिसची भाषा नव्हे. त्याऐवजी तिचं उत्तर परिशिष्ट म्हणून जोडलं आणि प्रश्न नववा यावर पेन्सिलीने खूण केली.

दुसरी ओळ लिहिली नसती तर पहिलीचं वजन राहिलं असतं, हे कळत होतं. पण ती लपवून पहिली लिहायची तर मग मंजूला कोणत्या तोंडाने खोटारडी म्हणू?

राघवनसाहेबांनी वाचलं, चष्मा काढला. ‘पाध्ये, यू हॅव स्पॉइल्ड युवर ओन फाईल.’ हात दाखवून अवलक्षण, हे त्यांना मराठीत सांगता आलं असतं तर त्यांनी तेच सांगितलं असतं. फाईल संध्याकाळी दुसऱ्या सेक्शनला गेली. आता चौदाचं काय होईल ते समिती मार्चअखेरीस ठरवील. माझ्या हातात काही नाही. दाराशी जाताना साहेबांनी विचारलं, मुलीचं वय काय? सव्वीस म्हटलं. माझी चोवीसची आहे, म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

सेल्वमला सगळं कळलंय. त्याचं म्हणणं एकच, मॅडमना ते खारट औषध पुन्हा पाठवायचं असेल तर दुसरा माणूस बघा.

२० फेब्रु., सोम.

सु.ला टिपणीचं सांगितलं. रागावली नाही. तुम्ही असंच करणार हे मला माहीत होतं, एवढंच म्हणाली आणि मला नको असताना दुसऱ्यांदा कॉफी दिली. पण तिला वाईट वाटलंय. मंजूच्या पलंगावरची चादर आज बदलली, वर्षभर त्यावर कोणी झोपलेलं नसताना.

रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाली, आपणच जाऊन येऊ या का? एलटीसी पडून आहे तुमची. वीस वर्षांत ही बाई स्वतःहून कुठे जाऊ म्हणाली नव्हती.

२७ फेब्रु., सोम.

अर्धी रजा टाकून दोघं बोटीच्या तिकिटांच्या रांगेत. ऊन मरणाचं. निघायचं २५ मार्चला, म्हणजे समिती बसेल तेव्हा आम्ही तिच्याकडे असू. बातमी तिघांना एकदमच कळेल.

यावेळी आगळ प्लास्टिकच्या कॅनमध्ये. त्यावर मी स्वतः इंग्रजीत, आणि रामरावांकडून तमिळमध्ये, लिहून घेतलंय की ही दारू नव्हे. रामराव म्हणाले, मजला पण एक ग्लास देऊन जावा, ब्रँडीपेक्षा बरें असेल.

मंजूला फोनवर कळवलं तर आधी ओरडलीच आनंदाने. मग जरा चाचरत म्हणाली, अप्पा, बारमध्ये यायचं नसेल तर बाहेर पायरीवर बसा, मी तिथे आणून देईन. मी म्हटलं, पायरीवरच बसेन, पण तू शेजारी बसणार असशील तर.

तिकिटाचा फॉर्म मी भरला. जाताना, दोन. येताना किती जण, असा रकाना. माझ्या हाताने तीन लिहिलं गेलं. खरंच ठरवून नाही. फाईल दिली, टिपणी दिली, मोठा न्यायाधीश झालो, आणि हात बघा.

सु.ने वाचलं. माझ्या हातातून पेन घेतलं, तीन खोडलं आणि दोन लिहिलं. खिडकीतला क्लार्क म्हणाला, मॅडम, नंतर एक जागा वाढवायची झाली तर मिळणार नाही, सुट्ट्यांची गर्दी असते, आत्ताच सांगा.

सु. त्याला तमिळमध्ये म्हणाली, ‘वेण्डाम.’ नको.

मग रांगेतून बाहेर येऊन, मी पैसे देऊन येईपर्यंत, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी जाऊन शेजारी उभा राहिलो.