हॉल बंद करण्याआधी

आई, "कोणाले मागाले लावू नको वं पोरी, ताटाकडे पाह्यत जा," हे तुझं वाक्य सकाळपासून डोक्यातून जात नाही आणि त्याचा मला राग येतो आहे. मी तेव्हा बारा वर्षांची. इतवारीतल्या घरातला हातमाग विकून तू त्या खोलीत दोन बाकं टाकली होतीस, आणि बाजारातले हमाल तुझ्या हातचं सावजी मटण खायला येत. एकाची भाकरी संपली, तो रिकाम्या ताटात बोटं फिरवत बसला आणि मी पाठ करून उभी. तू चुलीवरची भाकरी तशीच टाकून आलीस, त्याला वाढलंस आणि मला सगळ्यांसमोर बोललीस. तुझ्याकडे मेनू नव्हता. ताटावर आडवा हात धरेपर्यंत वाढायचं, एवढाच नियम. कुणाला पोटाचा त्रास आहे, कुणाला वरची तर्री जास्त लागते, हे तू पडद्याआडून चेहरा बघून ठरवायचीस. मला मात्र सगळे उठल्यावर, उरलं तर. माझ्या ताटाकडे कोण पाहत होतं?

म्हणूनच असेल, मी प्रताप नगरात फॅमिली रेस्टॉरंट काढलं. गार हॉल, चित्रांचं मेनूकार्ड, सावजीच्या शेजारी पनीर आणि नूडल्स. इथे बायका येतात, पोरं घेऊन निवांत बसतात. तुझ्या बाकावर एकही बाई बसलेली मी पाहिली नाही, हेही तुला एकदा सांगायचंच होतं. पण इथे मीठसुद्धा मागावं लागतं. गिऱ्हाईक म्हणतं, "रस्सा तिखा है, मीडियम कर के लाओ." मीडियम करून नेला की, "इसमें सावजी क्या है?" वेटर भिंतीला टेकून उभे. आता माझ्या नवऱ्याचं म्हणणं, हॉल बंद करू, नुसतं किचन ठेवू. ऑर्डर फोनवर येईल, डबा बाहेर जाईल, कुणी येऊन बसणारच नाही. "कटकटच संपते नं," हे म्हणतात. सोमवारी जागामालकाला उत्तर द्यायचं आहे.

आणि नेमके काल दुपारी तुझ्याकडे जेवणारे एक हमालकाका आले. फार थकलेत. मी काउंटरवरून हात जोडले आणि फोनवरच्या एका तक्रारीत अडकले. थोड्या वेळाने बघते तर काका हात धुऊन समोर उभे. एकच भाकरी खाल्लेली.

"काका, आवडलं नाही का?"

"आवडलं नं. पण कोणी वाढूनच नाही राह्यलं वं. मी ताटावर हात बी नव्हता ठेवला."

"अहो, मग मागायचं नं!" मी चिडूनच बोलले.

"तुह्या मायनं ते शिकवलंच नाही आमाले," काका हसले. मी म्हटलं, बसा, मी स्वतः वाढते. तर म्हणाले, "आता पोट भरलं, पोरी. पाण्यानं."

ते गेल्यावर मी वेटरवर ओरडले. मग स्वतःवर. मग तुझ्यावर, मनातल्या मनात. तू सगळ्यांना अशी सवय लावून गेलीस आणि ती निभवायला मी उरले.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. नवऱ्याला हे सांगितलेलं नाही. हॉल बंद करायचं त्यांनी पहिल्यांदा काढलं तेव्हा मी भांडले, पण आतून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. डबा एकदा दाराबाहेर गेला की तो कुणाला पुरला, कोण अर्धपोटी उठलं, मला दिसणार नाही. काका गेल्यावर तर ते फारच हवंसं वाटलं. त्याची लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू? तू तापातसुद्धा चूल बंद ठेवली नाहीस. मी "आज राहू दे" म्हटलं की ऐकू न आल्यासारखी भाकरी थापत राहायचीस. आताही तसंच करशील, माहीत आहे. तरी सोमवारच्या आत एकदा म्हण, थकलीस वं पोरी, कर बंद.