एकशेवीस किलो उकड

विचुंबे, नवीन पनवेल
शनिवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे

चि. मनस्वी हिस मामाचा आशीर्वाद. (पुढच्या वर्षी तू पीएच.डी. करून डॉक्टर होणार, तेव्हा ‘चि.’ लिहावे की ‘मा.’ यावर पेन जरा अडले. पदवी हातात पडेपर्यंत चि.च राहा.) तुझा खोकला गेला का? तिथल्या सांबारात गूळ असतो अशी तुझी तक्रार होती, तिचे काय झाले? इकडे माझा गुडघा ठीक, दुकान ठीक, आणि मामी तर फारच ठीक आहे. पत्राचा विषय तोच आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर एक म्हणजे मला तपशील गाळून बोलता येत नाही, आणि दुसरे म्हणजे आपल्या घरात फोनवरचे बोलणे स्वयंपाकघरात जास्त स्पष्ट ऐकू येते. पुढच्या शनिवारी माझी परीक्षा आहे. कशी, ते क्रमाने सांगतो.

मे महिन्यात तू दुकानात रंगाच्या डब्यापाशी उभी राहून म्हणाली होतीस, ‘मामा, तू सत्तावीस वर्षं आमचंच काम करतोयस.’ ब्रशखाली रंग पाण्यासारखा पळतो आणि भिंतीवर गेला की गपचूप उभा राहतो, हे मी दुकान उघडल्यापासून बघत आलो आहे. पण टूथपेस्ट, दही, साबणाचा फेस, चिखल अशा ना धड घन ना धड द्रव पदार्थांचे वेगळे शास्त्र आहे आणि माझी सख्खी भाची त्यात शिकते, हे कळल्यावर माझी मान ताठ झाली ती अजून खाली आलेली नाही. (बारावीला भौतिकशास्त्रात मी तीन गुणांनी गेलो. तेव्हा हा धडा असता तर गेलो नसतो.) हे ज्ञान गावाला आणि तळोज्याच्या कारखान्यांना मिळालेच पाहिजे असे ठरवून मी ‘विचुंबे जिज्ञासा मंडळ’ स्थापन केले. सभासद चार, येणारे दोन. मी आणि मंडपवाला निकेश. निकेश खुर्च्या त्याच्याच असतात म्हणून येतो.

पहिला कार्यक्रम गेल्या रविवारी समाजमंदिरात झाला. मुख्य प्रयोग तू मोबाईलवर दाखवलेला : मक्याचा स्टार्च थंड पाण्यात कालवायचा, हळू पाय ठेवला तर बुडतो, धावत गेलो तर खाली जमीन असल्यासारखे पार होतो. त्यासाठी शेजारच्या सोसायटीकडून गणपती विसर्जनाचा फायबरचा टब मागून आणला. लांबी सहा फूट, रुंदी दोन फूट. स्टार्च एकशेवीस किलो, पाणी एकशेचार लिटर, म्हणजे थर साडेसहा इंच. टेप लावून मोजले आहे. कालवण्याचे काम मामीच्या बचतगटाकडे दिले, कारण हळदीच्या आदल्या दिवशी आठशे भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या त्या बायका पिठाला घाबरत नाहीत. त्यांना मी चौदा कलमांची यादी लिहून दिली. टब सपाट जागी ठेवणे हे पहिले कलम, आणि हातातल्या बांगड्या काढून ठेवणे हे चौदावे.

प्रमुख पाहुण्या म्हणून नाझिया मॅडम आल्या. पनवेलच्याच, आणि तळोज्याच्या एका सॉसच्या कारखान्यात मालाचा दर्जा तपासण्याच्या मुख्य. त्यांना आणायला मी सकाळीच कळंबोलीला गेलो. येताना हायवेच्या तोंडाशी ट्रक आडवा झालेला, त्यामुळे सव्वा तास गाडीत बसून मी त्यांना मऊ पदार्थांविषयी सांगत होतो. (त्यांनी मध्ये दोनदा खिडकी उघडली. उकाडा होताच.) हॉलवर पोचलो तर टब ओल्या फडक्याखाली झाकलेला. झाकायचे कलम यादीत नव्हते. पण बायकांनी स्वतःहून काळजी घेतली म्हणून मला भरूनच आले.

आता तू शास्त्रज्ञ आहेस, तुला पुढचे कळले असेल. आपल्या घरात पिठात थंड पाणी कोण घालते? तांदळाच्या भाकरीच्या पाण्याला उकळी हवी, हे मामीच्या हाताला सात पिढ्यांपासून माहीत. बचतगटाने पहाटे दोन शेगड्यांवर हंडे चढवले आणि एकशेचार लिटर (मापात एक थेंब चूक नाही) कढत पाणी त्या स्टार्चवर ओतून उलथन्यांनी अशी काही उकड काढली, की रायगड जिल्ह्यात एवढी एका जागी कधी निघाली नसेल.

हे मला ठाऊक नव्हते. मी भाषण केले, फळ्यावर बाण काढले, फडके काढले. वर छान तुकतुकीत साय आलेली. मी म्हटले, मॅडम, दोन्ही पायांनी जोरात उडी मारा, जितका जोर तितके घट्ट. त्यांनी मोज्यांसकट उडी मारली आणि घोट्यापर्यंत आत गेल्या. उकड अजून कोमट होती. मॅडम म्हणाल्या, ‘या खुदा, अंकल, ह्यानं धरलं मला.’ लोकांना वाटले प्रयोगच असा आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी निकेशला म्हटले, ओढ. आम्ही दोघांनी दोन हात धरून हिसडा मारला, तर मॅडम जागच्या जागी आणि टब मात्र फूटभर पुढे. (चौदा इंच. नंतर फरशीवरच्या खुणेवरून मोजले.)

तेवढ्यात मामी थंड पाण्याचा तांब्या घेऊन आली. मला म्हणाली, ‘अवो, वडता कशाला? मॅडम हाय का बैल हाय?’ मग मॅडमच्या घोट्याभोवती धार सोडत म्हणाली, ‘घाय नाय, बाय. टाच आधी हलव. हलू. पानी आत जाऊंदे, मग आंगठा.’ आणि मने, पाय लोण्यातून निघावा तसा निघाला! डावा आधी, मग उजवा. उजवा मोजा मात्र आत राहिला.

मी तिथे खडू घेऊन उभा. माझ्या मागे फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेले : ‘जोर लावाल तर दगड, सबुरी धराल तर पाणी.’ आणि त्याच फळ्यासमोर मी हिसडा मारत होतो. त्याहून बोचले ते निराळेच. लहानपणी मिठागराच्या बांधावरून माझा पाय चिखलात गेला की तुझे आजोबा अगदी हेच सांगायचे : ओढू नकोस, टाच हलव, पाणी आत येऊ दे. त्यांना बोलायला शाळा लागली नाही. चिखल आणि उकड हे एकाच गोत्राचे आहेत का ग? दोघांत पाणीच, आणि दोघेही हळू माणसालाच सोडतात. मग रंग त्यांचा कोण लागतो? या प्रश्नाने सहा दिवस माझे जेवणात लक्ष नाही. काल आमटीची वाटी कलती करून बघत बसलो होतो.

असो. मॅडम घमेल्यात पाय सोडून हसत बसल्या आणि दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. मॅडमनी आपले दुखणे सांगितले : त्यांच्या सॉसमध्येही हाच स्टार्च, पण बाटली महिनाभर राहिली की वर पाणी सुटते. मी खुर्ची पुढे ओढून ‘याला तीन कारणे असू शकतात’ एवढे म्हणालो (तिसरे अजून सापडायचे होते), तोवर मामीने विचारले, शिजल्यावर घोटता किती वेळ? मॅडम म्हणाल्या, चाळीस मिनिटं, मशीनने. मामी म्हणाली, ‘मंग त्याचा जीव ऱ्हाईल का? पापडाची उकड जास्त घोटली का ती पन रडते.’

सोमवारी मॅडमनी बारा मिनिटेच घोटून एक घाणा काढला आणि बाटल्या चार दिवस गरम पेटीत ठेवल्या. (त्या पेटीत चार दिवसांत महिना होतो म्हणे.) काल त्यांचा फोन आला. पाणी जवळजवळ नाही. पुढच्या शनिवारी कारखान्यातल्या चाळीस लोकांपुढे ‘मऊ पदार्थांविषयी दोन शब्द’ बोलण्याचे आमंत्रण आम्हां उभयतांना आहे. (नेमके शब्द असे होते : ‘आंटी, तुम्ही याच. अंकलना पण आणा, हवं तर.’ मी शब्द बदलत नाही.)

उकडीचे म्हणशील तर पापड झाले. चौदा गच्च्यांवर वाळत आहेत. चव कसलीच नाही, पण आवाज उत्तम येतो. तुला पाठवतो.

तुझा मामा,
दीनानाथ घरत

ता.क. : मूळ काम लिहायचे राहिले. जास्त घोटले की पाणी का सुटते आणि हळू काढला की पाय का निघतो, हे मला नीट, मराठीत, दोन पानांत, शुक्रवारच्या आत पोचेल असे लिहून पाठव. मला कळत नाही. हे वाक्य मी आजवर कुणाला लिहिलेले नाही, तेव्हा जपून ठेव किंवा फाडून टाक. पाकिटावर ‘रंगाचा कॅटलॉग’ असे लिही.

ता.क. २ : न्यायाने सांगायचे तर यादीच्या चौदा कलमांत पाणी थंड असावे हे कुठेच नव्हते. टबच्या खालच्या बुचाचा व्यास मात्र होता.

ता.क. ३ : पाकिटाचा गोंद सुकला आहे, म्हणून चिकटवायला मामीकडे देतो. काळजी नको. ती दुसऱ्याचे पत्र वाचत नाही.

मने, मी मामी. वाचला. पानी कसा घेऊ, ते मी त्यांना इचारला होता. बोलले, तुला रोज कळते तसा घे. मी घेतला. आता शनवारचा मला भ्या वाटते. माझा सगला हातात हाय, तोंडात नाय. चालीस मानसांपुढं मी काय बोलू? मी हात दाखवीन, बोलूंदे त्यांनाच, त्यांना हौस पन हाय. म्हनून नीट लिवून धाड, दोन नाय, चार पानं धाड. आनि मी वाचला ते सांगू नको. पाकीट टबातल्याच खलीनं चिकटवलाय, फ्रीजमदी गोला ठेवला होता. वडू नको. जरा पानी लाव आनि हलू उघड.